सहा लाखांची बाटली आणि एक खोडकर ऑक्सिजन

ऑक्टोबर २०२५मधली एक बातमी तुमच्या फीडमध्ये येऊन गेली असेल. दिवाळीच्या गडबडीत कदाचित निसटलीही असेल. रिसडिप्लाम नावाच्या औषधावरून रोश ही स्विस कंपनी आणि हैदराबादची नॅटको फार्मा यांच्यात पेटंटचं भांडण चाललं होतं. दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने नॅटकोला रोखायला नकार दिला, रोश सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथेही काही हाती लागलं नाही. रोशच्या बाटलीची किंमत सुमारे ६ लाख रुपये. नॅटकोने जाहीर केलेली किंमत १५,९०० रुपये. शून्य चुकून गळालेलं नाही, आकडा खरा आहे.

हे औषध स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, म्हणजे एसएमए या आजारावरचं. यात मुलाच्या पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. गंभीर प्रकारात बाळाला मान धरता येत नाही, पुढे गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होतो, आणि उपचार नसतील तर बहुतेक मुलं दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. क्राउडफंडिंगच्या पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या कितीतरी पोस्ट याच आजाराच्या असतात.

म्हणजे बातमी आनंदाचीच. पण ती वाचताना एक प्रश्न पडायला हवा होता. एसएमएवर रिसडिप्लामच्याही आधी आलेलं औषध आहे, नुसिनर्सेन. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही औषधं शरीरातल्या एकाच जनुकाच्या संदेशावर काम करतात. बाजारात आलं तेव्हा नुसिनर्सेनची अमेरिकेतली किंमत पहिल्या वर्षाला साडेसात लाख डॉलर आणि पुढे दरवर्षी पावणेचार लाख डॉलर होती. मग याची पंधरा हजारांची आवृत्ती का येत नाही? फक्त पेटंट हे उत्तर पुरेसं नाही. खरं उत्तर रसायनशास्त्रात आहे. आणि ते तुम्ही समजून घ्यावं असं वाटतं, कारण येत्या दहा वर्षांत कोलेस्टेरॉलपासून ब्लड प्रेशरपर्यंत बरीच औषधं याच घराण्यातून येऊ घातली आहेत.

आता थोडं वर्गात बसल्यासारखं होईल, पण चालवून घ्या. 'न्यूक्लिओसाइड' हा शब्द परका वाटला तरी त्याच्याशी तुमची गाठ पडलेली आहे. एप्रिल २०२१ आठवा. ज्या रेमडेसिविरसाठी लोक या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये पळत होते, ते मुळात एक बनावट न्यूक्लिओसाइड होतं. डीएनए आणि आरएनए हे मण्यांच्या माळेसारखे असतात. प्रत्येक मण्यात एक साखर आणि तिच्यावर एक अक्षर (अ‍ॅडेनिन, ग्वानिन वगैरे बेस), या जोडीला न्यूक्लिओसाइड म्हणतात. मणी ओवणारा दोरा म्हणजे फॉस्फेट. रेमडेसिविर हा खोटा मणी. विषाणू स्वतःची प्रत काढताना तो खरा समजून ओवतो आणि पुढे अडकतो.

आपल्या आजच्या गोष्टीत एकटा मणी नाही, खोट्या मण्यांची छोटी माळच औषध म्हणून देतात. कल्पना साधी आहे. आपली जनुकं पेशीच्या केंद्रकात असतात, त्यांचा संदेश आरएनए घेऊन बाहेर येतो आणि त्या संदेशाबरहुकूम प्रथिन बनतं. एखादं प्रथिन त्रास देत असेल तर त्याच्या संदेशालाच नेमकी चिकटेल अशी उलट्या अक्षरांची माळ पाठवायची. संदेश अडला किंवा कापला गेला की प्रथिन बनणं थांबतं. मूळ जनुकाला हातही लागत नाही. पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १९७८ साली १३ अक्षरांची अशी माळ वापरून कोंबड्यांमध्ये गाठी करणाऱ्या एका विषाणूची वाढ रोखून दाखवली होती. पुढे १९९८मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दाखवलं की दुहेरी आरएनए दिला तर पेशी स्वतःच आपल्या यंत्रणेने जुळणारा संदेश कापून टाकते. यासाठी २००६ला दोघांना नोबेल मिळालं. मर्कने त्याच वर्षी सर्ना नावाची कंपनी एक अब्ज दहा कोटी डॉलरला विकत घेतली. सगळ्यांना वाटलं, आता आजाराच्या जनुकाची अक्षरं माहीत असली की झालं, औषध टाइप करायचं आणि प्रिंट काढायची.

तसं झालं नाही. २०१०मध्ये रोशने या क्षेत्रातून अंग काढून घेतलं. २०१४मध्ये मर्कने तीच सर्ना अवघ्या साडेसतरा कोटी डॉलरला विकून टाकली.

घोडं कुठे पेंड खात होतं? आरएनएच्या साखरेत. तुम्ही बारावीला पाहिलेलं चित्र आठवा: आरएनएच्या साखरेवर दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनला एक ओएच गट असतो, डीएनएत तो नसतो, म्हणून तर 'डीऑक्सी'. आपण हे परीक्षेत एका मार्कासाठी लिहून सोडून दिलं. पण सगळी भानगड त्या एका ऑक्सिजनची आहे. तो शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करतो आणि आपलीच माळ तोडतो. शिवाय रक्तात, घामात, बोटांच्या टोकांवर आरएनए कापणारी एन्झाइम असतात, आणि त्यांतली बरीचशी कापण्यासाठी याच ऑक्सिजनचा आधार घेतात. दहा लाख वर्षांपूर्वीच्या मॅमथच्या दातातून डीएनए वाचता आला. साधा आरएनए मात्र रक्तात सोडला की काही मिनिटांत त्याचे तुकडे होतात. निसर्गाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, संदेश काम झाल्यावर नष्टच व्हायला हवा. औषधाच्या दृष्टीने मात्र पंचाईत.

मग केमिस्ट लोकांनी त्या ऑक्सिजनला आवर घालायचं ठरवलं. कुणी त्याला मिथाइलची टोपी घातली. कुणी तो काढून फ्लोरीन बसवला, जो आकाराने लहान आहे आणि साखरेची वळणदार ठेवण बिघडू देत नाही. कुणी मेथॉक्सीइथाइल नावाची लांब शेपटी जोडली. नुसिनर्सेनच्या अठराही मण्यांवर हीच शेपटी आहे. जपानमध्ये ताकेशी इमानिशी आणि डेन्मार्कमध्ये येस्पर वेंगेल यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, साखरेला पूलच बांधून ती एका ठेवणीत कुलूपबंद करून टाकली. दोऱ्यातही बदल झाला. फॉस्फेटचा एक ऑक्सिजन काढून गंधक घातलं की एन्झाइमची कात्री नीट चालत नाही, आणि माळ रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहते, त्यामुळे मूत्रपिंडातून लगेच वाहून जात नाही.

या किरकोळ वाटणाऱ्या बदलांनी किती फरक पडतो? मला यात सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते एकाच कंपनीच्या तीन औषधांचं. कंपनी अमेरिकेतली अल्नायलम. आजार एकच, ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन चुकीचं घडी होऊन नसांत आणि हृदयात साचण्याचा. जनुक एकच. फक्त मणी वेगळे.

पहिलं पॅटिसिरॅन, ऑगस्ट २०१८मध्ये मान्यता मिळालेलं या जातीचं जगातलं पहिलं औषध. त्यात मोजकेच मणी बदललेले, म्हणून माळ चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून, आधी स्टेरॉइड देऊन, दर तीन आठवड्यांनी सलाइनसारखं चढवावं लागतं. दुसरं रेव्हुसिरॅन. याला यकृताच्या पेशींवरचं दार उघडणारी एक साखरेची किल्ली जोडली होती, गॅलनॅक नावाची, त्यामुळे चरबीचे गोळे नकोत, पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन पुरे. पण मणी पुरेसे टिकाऊ नव्हते. म्हणून डोस आठवड्याला ५०० मिलीग्रॅम, म्हणजे वर्षाला २६ ग्रॅमच्या वर. ऑक्टोबर २०१६मध्ये चाचणीत औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि कंपनीने ते तडकाफडकी थांबवलं. औषधानेच ते मृत्यू झाले असं निर्विवाद सिद्ध झालं नाही, पण रेव्हुसिरॅन संपलं. तिसरं वुट्रिसिरॅन. तीच किल्ली, तोच पत्ता, पण प्रत्येक मणी बदललेला आणि टोकांना गंधकाचं कुंपण. डोस? तीन महिन्यांतून एकदा २५ मिलीग्रॅम. वर्षाचे १०० मिलीग्रॅम. म्हणजे रेव्हुसिरॅनच्या अडीचशेव्या भागाहूनही कमी. २०२२मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि मार्च २०२५मध्ये हृदयाच्या प्रकारासाठीही.

(या कामामागच्या रसायनशास्त्रात मूळचे तमिळनाडूचे मुथय्या मनोहरन यांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे आयटीतल्या सीईओंची नावं सगळ्यांना पाठ असतात, यांचं नाव केमिस्ट्रीच्या वर्गातही क्वचितच ऐकू येतं.)

टिकाऊपणा झाला. पण दुसरा प्रश्न जास्त अवघड होता, तो नेमकेपणाचा. माळ २१ अक्षरांची असते, त्यामुळे अख्ख्या जनुकसंचात तिचा पत्ता एकमेव असेल असं तुम्हाला वाटेल. गंमत अशी की पेशीची यंत्रणा आधी माळेची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सातच अक्षरं जुळवून बघते. सात जागा, प्रत्येक जागी चार पर्याय, म्हणजे १६,३८४ शक्यता. पेशीतले संदेश हजारो, आणि प्रत्येकाची लांबी शेकडो-हजारो अक्षरांची. सात अक्षरं योगायोगाने जुळणारे संदेश ढिगाने सापडणार. पिनकोड आणि पेठ बरोबर आहे म्हणून पोस्टमनने भलत्याच घरात पत्र टाकावं, तसं. मग नको त्या जनुकांचे आवाजही बसतात.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो उलट्या डोक्याने काढलेला आहे. माळ आणखी घट्ट चिकटवायची नाही, थोडी सैल करायची! दुसऱ्या मण्यावर एक मिथाइल टोपी घातली तरी चुकीच्या जुळण्या बऱ्याच कमी होतात, हे २००६मध्ये दिसलं. २०१८मध्ये अल्नायलमच्या गटाने याहून पुढची गोष्ट दाखवली. काही माळांमुळे उंदरांच्या यकृताला इजा होत होती. संशय होता की खोटे मणीच विषारी आहेत. पण तपासाअंती दोष बहुतांशी त्या सात अक्षरांच्या योगायोगाचा निघाला. त्यांनी सातव्या मण्याच्या जागी साखरच नसलेला, तीन कार्बनचा एक अशक्त मणी बसवला. जिथे २१ अक्षरं जुळतात तिथे या एका कच्च्या दुव्याने फार बिघडत नाही. जिथे सातच जुळतात तिथे मात्र पकड सुटते. यकृताची इजाही कमी झाली.

तरी खोट्या मण्यांबद्दल सावध राहायला कारण आहे. १९९३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फियालुरिडिन नावाच्या औषधाची हिपॅटायटिस बीवर चाचणी झाली. तेही एक फ्लोरीन लावलेलं न्यूक्लिओसाइड. सुरुवातीचे आठवडे सगळं छान. मग एकेकाचं यकृत निकामी होत गेलं. १५ रुग्णांपैकी पाच दगावले, दोघं यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले. तो मणी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत जाऊन बसत होता आणि परिणाम दिसायला महिने लागत होते. आजच्या औषधांतला फ्लोरीन त्याच कार्बनवर आहे, फक्त विरुद्ध बाजूला तोंड करून. स्टिरिओकेमिस्ट्री कशाला शिकायची असं विचारणाऱ्या मित्राला हे उदाहरण खुशाल सांगा.

आणि टिकाऊपणाची दुसरी बाजूही बघा. इन्क्लिसिरॅन हे कोलेस्टेरॉलवरचं औषध. पहिले दोन डोस झाले की सहा महिन्यांतून एक इंजेक्शन, आणि वाईट कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर. रोजची गोळी विसरणाऱ्या आपल्या घरच्या काका-मावशींसाठी हे वरदानच वाटेल. पण गोळीचा त्रास झाला तर उद्यापासून बंद करता येते. सहा महिने टिकणारं इंजेक्शन परत कसं काढणार? यावर 'उलटा उतारा' म्हणून नऊ मण्यांची छोटी माळ प्राण्यांत चालते हे दाखवून झालंय, पण तुमच्या फॅमिली डॉक्टरच्या कपाटात ती नाही. शिवाय इन्क्लिसिरॅनला मान्यता मिळाली ती कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर. हार्ट ॲटॅक किती टळतात हे मोजणाऱ्या मोठ्या चाचण्या मान्यतेनंतरही सुरूच राहिल्या. स्वस्त आणि दशकानुदशकं तपासलेली स्टॅटिनची गोळी अजून म्हातारी झालेली नाही, असं माझं मत आहे.

आता पुन्हा त्या सहा लाखांच्या बाटलीकडे. रिसडिप्लाम हा छोटा रेणू आहे, रेणूभार साधारण ४००. छोटा रेणू कसा बनवला हे उलगडून तो वेगळ्या वाटेने स्वस्तात बनवणं ही भारतीय कंपन्यांची खासियत. त्यावर आपला अख्खा जेनेरिक उद्योग उभा आहे. नुसिनर्सेनचा रेणूभार ७,०००च्या वर. आकार हा त्यातला लहान प्रश्न. ही माळ मशीनवर एकेक मणी जोडून ओवावी लागते. या विद्येचा उगम आपल्याच माणसाशी जोडलेला आहे: हरगोविंद खुरानांनी १९७०मध्ये पहिलं संपूर्ण कृत्रिम जनुक जाहीर केलं, आणि त्यांच्या लॅबमध्ये काम केलेल्या मार्व्हिन कॅरदर्स यांनी पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आजची जोडणीची पद्धत बसवली. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी २१ मण्यांअखेर पूर्ण माळा उरतात ८२ टक्के. यश ९८ टक्के असेल तर ६७. बाकीचा माल अर्धवट माळांचा, आणि तो वेगळा काढणं हे महाकठीण काम.

प्रत्येक जोडणीनंतर धुणं असतं, तेही सॉल्व्हंटने. एक किलो असं औषध बनवायला सरासरी ४,००० किलोंहून जास्त सामग्री लागते. छोट्या रेणूंसाठी हा आकडा शेकड्यात असतो. वर गंधकाचा एक वेगळाच घोळ. दोऱ्यात गंधक घातलं की तो प्रत्येक दुवा डावा किंवा उजवा असू शकतो. नुसिनर्सेनमध्ये असे १७ दुवे. दोनचा सतरावा घात करून बघा: १,३१,०७२. म्हणजे एका कुपीत एक औषध नाही, जवळजवळ सव्वा लाखाहून जास्त जुळ्या भावंडांचं मिश्रण आहे. उद्या एखादी भारतीय कंपनी म्हणाली की आमचं औषध अगदी तसंच आहे, तर 'तसंच' म्हणजे नेमकं काय, हे नियामकाला सिद्ध करून दाखवायचं कसं? पेटंट संपलं तरी ही भिंत उभीच राहणार आहे. म्हणून रिसडिप्लामचा निकाल बघून 'आता सगळीच जनुकीय औषधं स्वस्त होणार' असं जे बोललं गेलं, ते मला पटत नाही.

इकडे सरकारी मदतीचं गणितही तोकडंच. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात ठरावीक केंद्रांमार्फत, मुंबईचं केईएम त्यातलं एक, रुग्णाला मदत मिळते. २०२२मध्ये तिची मर्यादा वाढवून ५० लाख केली. औषध जन्मभर घ्यायचं, मदत एकदाच. सहा लाखांच्या बाटलीने ती काही महिन्यांत संपते. पंधरा हजारांच्या बाटलीने तीच रक्कम कित्येक वर्षं पुरते. रेणू छोटा की मोठा, यावर एका मुलाचं आयुष्य असं ठरतं.

मग आपण यात कुठे आहोत? अगदीच रिकामे नाही. पुण्यातच, पाषाण रोडवर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वैजयंती कुमार आणि पुढे आयसर पुण्याचे संस्थापक संचालक झालेले कृष्ण गणेश यांनी साखरेऐवजी वेगळाच कणा असलेल्या माळांवर वर्षानुवर्षं काम केलं. आयसरमध्ये बदललेल्या न्यूक्लिओसाइडवर आजही संशोधन चालतं. हैदराबादची सपाला ऑरगॅनिक्स ही कंपनी हे मणी बनवते, आणि २०२४मध्ये सुवेन फार्माने तिच्यात मोठा हिस्सा विकत घेतला. म्हणजे कच्चे मणी बनवणं आपल्याला जमतंय. त्यांची माळ ओवून, शुद्ध करून, तपासून, औषध म्हणून कुपीत भरणं हे पुढचे टप्पे आहेत, आणि किमतीतला मोठा वाटाही तिथेच जमा होतो.

तुम्ही एमएस्सी ऑरगॅनिक, फार्मसी किंवा बायोटेकला असाल तर प्लेसमेंटला येणाऱ्या कंपनीला एक प्रश्न जरूर विचारा: ऑलिगोन्यूक्लिओटाइडचं काम तुमच्याकडे कुठल्या टप्प्यापर्यंत होतं? मण्यांपर्यंत, माळेपर्यंत की कुपीपर्यंत? केमिस्ट्रीशी देणंघेणं नसेल आणि तुम्ही लॉला असाल, तर दिल्ली हायकोर्टाचा रिसडिप्लामचा निकाल काढून वाचा. पेटंट वरवर पाहता तकलादू आहे असं कोर्टाने कशावरून ठरवलं, ते त्यात आहे. मूळ दावा अजून संपलेला नाही, हा होता फक्त अंतरिम मनाईचा निकाल.